सिस्टीम घेत नाही



वसंतातल्या या ज्ञानसत्रात आपण इतिहास ऐकता, साहित्य ऐकता, अर्थकारणावरचे वादविवादही ऐकता. त्या मानाने आजचा आमचा विषय रुक्ष आहे. एखादा प्रोग्रॅम डेटाबेसमध्ये नवी नोंद घालू पाहतो आणि ती नोंद घातली जात नाही, तेव्हा नेमके काय झालेले असते, ते शोधावे कसे आणि दुरुस्त करावे कसे, एवढाच हा विषय आहे. तो संगणकाच्या वर्गात शोभेल, व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु या विषयाचा अनुभव नाही असा गृहस्थ या सभेत शोधून सापडायचा नाही. बँकेत, तहसील कचेरीत, रुग्णालयात किंवा शाळेच्या प्रवेशाच्या खिडकीपाशी आपण उभे असतो. कागदपत्रे सगळी बरोबर असतात. आतला माणूस कळफलकावर बोटे चालवतो, पडद्याकडे पाहतो, पुन्हा चालवतो, आणि शेवटी मान हलवून म्हणतो, "सिस्टीम घेत नाही."

एवढ्यावर आपण परत फिरतो. आजवर आपण नशिबाला, सरकारला किंवा पावसाला बोल लावत होतो, आता त्यांच्या जोडीला ही सिस्टीम आली. ही सिस्टीम कोण, ती घेत नाही म्हणजे काय, आणि न घेण्याचे कारण कोणाला ठाऊक असते, याचा विचार आज करू. आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. सिस्टीम जेव्हा नोंद नाकारते तेव्हा ती बहुतेक वेळा कारणही सांगत असते. ते कारण वाटेत कोणीतरी गिळून टाकतो. आणि न सांगता नाकारणारी, किंवा चुकीची नोंद निमूटपणे घेणारी सिस्टीम ही उघड नकार देणाऱ्या सिस्टीमहून फार अधिक धोक्याची आहे.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे कीर्द, खतावणी, आवक-जावकाची बारनिशी, जन्ममृत्यूची वही, अशा नोंदवह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. वहीला रकाने असतात आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद असते. संगणकात माहिती साठवू लागले तेव्हा सुरुवातीची बरीच वर्षे ही सरळ रचना नव्हती. माहिती यंत्रात कोठे आणि कोणत्या क्रमाने ठेवली आहे, हे प्रत्येक प्रोग्रॅमला ठाऊक असावे लागे, आणि ठेवण बदलली की प्रोग्रॅम मोडत. १९७० साली एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध करून या प्रकाराला नवे वळण दिले. हे गणितज्ञ मूळचे इंग्लंडचे, आणि त्या वेळी आय. बी. एम. कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील प्रयोगशाळेत काम करीत होते. माहिती साध्या तक्त्यांच्या रूपाने मांडावी आणि ती यंत्रात कशी साठवली आहे याची उठाठेव वापरणाऱ्याला करावी लागू नये, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. त्याच कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये या तक्त्यांशी बोलण्यासाठी एक भाषा मांडली. तीच पुढे एस्क्यूएल या नावाने जगभर पसरली. कॉड यांना १९८१ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. आजही बँकेतले, रेल्वेतले, दवाखान्यातले बहुतेक प्रोग्रॅम या भाषेतील 'इन्सर्ट' नावाची आज्ञा देऊनच नोंद घालतात. त्या आज्ञेचा अर्थ इतकाच, की अमक्या तक्त्यात, अमक्या रकान्यांत, ही मूल्ये लिही.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. जुन्या कचेरीत वही मुकी असे. नियम काय ते हेडक्लार्कच्या डोक्यात असत. तो रजेवर गेला की नवखा उमेदवार वहीत वाटेल ते लिही आणि वही ते मुकाट्याने सोशी. कॉडप्रणीत डेटाबेसमध्ये नियम वहीलाच शिकवून ठेवता येतात. हा रकाना रिकामा चालणार नाही, हा क्रमांक दोघांना मिळणार नाही, येथे तारीखच हवी, अशा अटी एकदा घालून दिल्या की लिहिणारा कोणीही असो, वही स्वतःच हात धरते. आपण जिला सिस्टीमचा नकार म्हणतो ती पुष्कळदा ही हात धरण्याची क्रिया असते.

उदाहरणाशिवाय हे मनात ठसणार नाही. समजा, एका गावच्या सार्वजनिक वाचनालयाने सभासदांची नोंद संगणकावर आणली. एक तक्ता सभासदांचा, दुसरा पुस्तकांचा आणि तिसरा देवघेवीचा. नवा सभासद नोंदवताना नकार आला, तर तो किती प्रकारचा असू शकेल?

पहिला प्रकार रिकाम्या रकान्याचा. जन्मतारीख सक्तीची आहे आणि ती आलीच नाही. दुसरा प्रकार पुनरुक्तीचा. मोबाईलचा क्रमांक एकाच सभासदाच्या नावावर असावा अशी अट आहे आणि तो क्रमांक आधीच कोणाच्या तरी नावापुढे आहे. तिसरा प्रकार निराधार नोंदीचा. देवघेवीच्या तक्त्यात सभासद क्रमांक ५१२ ने पुस्तक नेले असे लिहायला गेलो, पण सभासदांच्या तक्त्यात ५१२ नावाचा कोणी नाहीच. चौथा प्रकार अटीबाहेरच्या मूल्याचा, जसे अनामत रक्कम शून्याहून कमी. पाचवा प्रकार न मावणाऱ्या मूल्याचा. रकाना वीस अक्षरांचा, नाव पंचवीस अक्षरांचे.

या प्रत्येक नकाराला क्रमांक असतो, हे श्रोत्यांपैकी अनेकांना नवीन वाटेल. एस्क्यूएलच्या प्रमाणग्रंथाने पाच चिन्हांची एक संकेतपद्धती ठरवली आहे. त्यातली पहिली दोन चिन्हे नकाराचा वर्ग सांगतात. २३ म्हणजे नियमभंग, २२ म्हणजे मूल्यातच दोष. पोस्टग्रेस नावाच्या लोकप्रिय डेटाबेसमध्ये २३५०२ आला की रकाना रिकामा, २३५०३ आला की नोंद निराधार, २३५०५ आला की पुनरुक्ती, २३५१४ आला की अटीचा भंग, आणि २२००१ आला की मजकूर मावत नाही. मायएस्क्यूएलमध्ये पुनरुक्तीला १०६२ हा क्रमांक आहे. ओरॅकलमध्ये पुनरुक्तीच्या नकाराचा मान पहिला, म्हणजे तिचा क्रमांकच एक आहे. वैद्य नाडी पाहून वात, पित्त की कफ ते ठरवतो, तसे हा क्रमांक पाहिला की अर्धे निदान होते.

मग खिडकीवरच्या माणसाला हे का कळत नाही? कारण नकार डेटाबेसपासून त्याच्या पडद्यापर्यंत येताना तीनचार हातांतून येतो. डेटाबेसशी बोलणारा एक दुवा असतो, त्यावर प्रोग्रॅमची चौकट असते, त्यावर प्रत्यक्ष प्रोग्रॅम असतो आणि शेवटी पडदा. प्रत्येक हात त्या संदेशाला आपले पाकीट चढवतो. शेवटच्या पाकिटावर बहुधा लिहिलेले असते, "काहीतरी चुकले आहे, कृपया नंतर प्रयत्न करा." म्हणून प्रोग्रॅम दुरुस्त करणाऱ्याने पहिली गोष्ट करावी ती ही, की सगळी पाकिटे फोडून अगदी आतली चिठ्ठी वाचावी. प्रोग्रॅमच्या रोजनिशीत, ज्याला लॉग म्हणतात, ती बहुधा जशीच्या तशी सापडते. एक सावधगिरी मात्र हवी. पोस्टग्रेसमध्ये एका व्यवहारातली एक आज्ञा फसली की त्या व्यवहारातल्या पुढच्या सगळ्या आज्ञा "चालू व्यवहार रद्द झाला आहे" असे म्हणून परत येतात. रोजनिशीत असा एकच नकार वीस वेळा दिसतो आणि नवशिका त्याच्याच मागे लागतो. खरे कारण त्या वीस ओळींच्या वर, पहिल्या नकारात असते. आग कोठे लागली हे धुराच्या टोकाला पाहून कळत नाही.

दुसरी गोष्ट, प्रोग्रॅमने काय पाठवले असेल यावर तर्क लढवीत न बसता, प्रत्यक्ष काय पाठवले ते पाहावे. अर्जावर जन्मतारीख भरलेली असते, पण अर्जातल्या रकान्याचे नाव एक आणि तक्त्यातल्याचे दुसरे, त्यामुळे मधल्या मध्ये ती गळते. माणूस शपथेवर सांगतो की मी तारीख भरली, आणि डेटाबेस तितक्याच ठामपणे सांगतो की मला मिळाली नाही. दोघेही खरे बोलत असतात. तिसरी गोष्ट, तक्त्याची आजची रचना प्रत्यक्ष उघडून पाहावी. कोणीतरी मागच्या आठवड्यात एक नवा सक्तीचा रकाना वाढवलेला असतो आणि जुन्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच नसतो. आणि आपण पाहतो आहोत तोच डेटाबेस प्रोग्रॅम वापरतो आहे ना, हेही तपासावे. सरावाची वही एक आणि खरी वही दुसरी, असे दोन डेटाबेस बहुतेक ठिकाणी असतात. नोंद एकीत पडते, शोध दुसरीत चालतो, आणि दिवस फुकट जातो. चौथी गोष्ट, तीच आज्ञा, तीच मूल्ये, सरावाच्या डेटाबेसवर हाताने देऊन पाहावी. तेथेही नकार आला तर दोष मूल्यांत किंवा तक्त्यात आहे. तेथे नोंद झाली तर दोष प्रोग्रॅममध्ये, त्याच्या अधिकारात किंवा दोन्हींच्या मधल्या दुव्यात आहे. या चार पायऱ्यांत कोठेही बुद्धीची चमक लागत नाही. लागतो तो धीर.

काही नकार मात्र फसवे असतात. आपले वाचनालयच घ्या. जुन्या वहीतले चार हजार सभासद त्यांच्या जुन्या क्रमांकांसह संगणकात उतरवले. पुढचा क्रमांक देणारे यंत्रणेतले मोजणीचे चाक वेगळे असते आणि त्याला या उतरवणीची वार्ताच नसते. ते एकपासून सुरू होते. नवा सभासद आला, चाकाने त्याला एक क्रमांक दिला, आणि नकार आला की एक क्रमांक आधीच दिलेला आहे. कारकुनाने पुन्हा कळ दाबली, तर दोन क्रमांक आधीच दिलेला आहे. हे चाक मागे फिरत नाही, फसलेल्या खेपेलाही ते एक घर पुढे सरकते. म्हणजे कारकून चिकाटीचा असेल तर चार हजार वेळा कळ दाबल्यावर, चार हजार एकाव्या खेपेस नोंद होईल आणि "सिस्टीम आपोआप सुधारली" अशी ख्याती पसरेल! खरा उपाय एका ओळीचा आहे. मोजणीचे चाक चार हजारांच्या पुढे नेऊन ठेवायचे.

याच चाकाची दुसरी गंमत अशी, की त्याला अंत असतो. बत्तीस द्विमान अंकांत, म्हणजे बिटांत, मावणारी सर्वांत मोठी धन संख्या २,१४,७४,८३,६४७ ही आहे. बेसकॅम्प नावाच्या अमेरिकन कंपनीच्या कामकाज-व्यवस्थेतील एका तक्त्याचे क्रमांक ८ नोव्हेंबर २०१८ रोजी या संख्येला जाऊन भिडले. त्या क्षणानंतर जुने वाचता येई, पण नवे काही लिहिता येईना, आणि सुमारे पाच तास ही स्थिती राहिली. मोठ्या रकान्याचा उपाय त्यांच्या स्वतःच्या चौकटीत आदल्या वर्षीच रूढ झाला होता, पण जुना तक्ता जुन्याच मापाचा राहिला होता. कंपनीने हे सारे जाहीरपणे सांगितले, ही गोष्ट अनुकरणीय आहे. मायएस्क्यूएलमध्ये चाक असे संपले की पुष्कळदा नकार येतो तो पुनरुक्तीचा. चाक शेवटचाच क्रमांक पुन्हा पुढे करते. नकार म्हणतो "क्रमांक दुसऱ्यांदा आला", खरा रोग असतो "क्रमांक संपले". म्हणून क्रमांक वाचून अर्धेच निदान होते, असे आम्ही मघाशी म्हटले.

आता आपल्या भाषेशी निगडित अशी एक बाब. 'कुलकर्णी' हे आडनाव रोमन लिपीत लिहिले तर आठ अक्षरे होतात. देवनागरीत संगणक ते क, उकार, ल, क, र, हलन्त, ण आणि दीर्घ ईकार असे मोजतो, म्हणजे तेथेही आठच चिन्हे. परंतु यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. म्हणून इंग्रजीतले कुलकर्णी आठ बाइटांत मावतात आणि मराठीतल्या कुलकर्ण्यांना चोवीस बाइट लागतात. ओरॅकलमध्ये रकान्याचे माप, वेगळे सांगितले नाही तर, बाइटांत धरले जाते. वीसच्या रकान्यात इंग्रजी नाव सुखाने बसते आणि मराठी नाव नाकारले जाते. प्रोग्रॅमची चाचणी इंग्रजीत झालेली असते, तेव्हा दोष दिसतो तो मराठीत कारभार सुरू झाल्यावर. मग "मराठीत टाकलं की सिस्टीम घेत नाही, इंग्रजीत टाका" असा सल्ला खिडकीवरून मिळतो. येथे आपली भाषा निरपराध आहे. माप घेणाऱ्याने गजाऐवजी विताने मोजले, एवढेच घडलेले असते. रकान्याचे माप अक्षरांत सांगितले की काम भागते.

मोडी लिपीची कथा याहून बोधप्रद आहे. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, परंतु ते अशा विभागात की तिच्या प्रत्येक चिन्हाला चार बाइट लागतात. मायएस्क्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' या नावाने मिळणारी जुनी पद्धत प्रत्यक्षात तीनच बाइटांपर्यंत जात असे. चार बाइटांची पूर्ण पद्धत २०१० मध्ये निराळ्या नावाने आली. उद्या एखाद्या संशोधकाने मोडी दफ्तरांची सूची जुन्या तक्त्यात मोडीतच घालायचे ठरवले, तर कडक शिस्तीच्या डेटाबेसमध्ये त्याला नकार मिळेल. शिस्त सैल असेल तर मोडीच्या पहिल्या चिन्हापाशी मजकूर तोडून उरलेला फेकून दिला जाईल, आणि नोंद झाली असे सांगितले जाईल. यातला कोणता डेटाबेस संशोधकाचा मित्र, हे आपणच ठरवा.

गोव्यात आणि वसईत डिसूझा, डिमेलो अशी आडनावे आहेत. रोमन लिपीत ती लिहिताना डी या अक्षरानंतर वर एक लोपचिन्ह देतात. एस्क्यूएलमध्ये मजकूर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे दाखवायला नेमके तेच चिन्ह वापरतात. प्रोग्रॅमरने नाव आणि आज्ञा एका दोऱ्यात ओवली असेल तर डेटाबेसला वाटते, नाव डी या अक्षरापाशीच संपले. पुढचे 'सूझा' ही जणू आज्ञा, आणि ती त्याला कळत नाही. नकार येतो व्याकरणदोषाचा. त्यावर कारकुनाची युक्ती म्हणजे ते चिन्हच गाळणे. मग एका कचेरीत नाव जोडून, दुसरीत तोडून, तिसरीत चिन्हासह, आणि पारपत्राच्या वेळी तिन्ही जुळत नाहीत. योग्य उपाय असा, की आज्ञा वेगळी पाठवावी आणि मूल्ये वेगळी. तशी सोय सगळ्या डेटाबेसांत आहे. ती न वापरण्यात दुसरा मोठा धोका आहे. जे छिद्र सज्जन डिसूझांना अडवते त्याच छिद्रातून दुर्जन आत शिरतो. नावाच्या जागी आज्ञाच लिहून डेटाबेस लुटण्याचे प्रकार याच वाटेने होतात.

येथवर आपण बोलक्या नकारांचा विचार केला. आता मुक्या दोषांकडे वळू, कारण खरे नुकसान तेथे होते. एकाची जन्मतारीख २५ डिसेंबर. प्रोग्रॅमने अमेरिकन रीतीने महिना आधी वाचला, तर पंचविसावा महिना नसल्यामुळे नकार येतो आणि दोष उघडकीला येतो. दुसऱ्याची जन्मतारीख १ मे. तीच चुकीची रीत तिला ५ जानेवारी करते आणि नोंद सुखरूप होते. पहिला गृहस्थ वैतागून घरी जातो, दुसरा समाधानाने जातो. पण वर्षांनंतर निवृत्तिवेतनाच्या खिडकीपाशी हेलपाटे घालावे लागतात ते दुसऱ्याला. मायएस्क्यूएलमध्ये २०१५ च्या ५.७ या आवृत्तीपासून कडक शिस्त मूळचीच लागू झाली. त्यापूर्वी ती मुद्दाम लावून घ्यावी लागे, नाही तर न मावणारे नाव मावेल तेवढे कापून ठेवले जाई, आणि सूचना दिली जाई ती अशा आवाजात की ती कोणी वाचत नसे.

त्याहूनही वाईट प्रकार माणसाच्या हातून होतो. वरिष्ठांकडून तगादा येतो, "पडद्यावर लाल अक्षरे दिसता कामा नयेत." प्रोग्रॅमर मग नकार पकडतो आणि फेकून देतो. हे करायला दोन ओळी पुरतात. लाल अक्षरे जातात, हिरवी येतात, "आपला अर्ज स्वीकारला आहे." डेटाबेसात मात्र अर्ज नसतो. कोणी नियमच काढून टाकतो, म्हणजे पुनरुक्तीची अट रद्द करतो, आणि नकार बंद होतात. कोणी आज्ञेलाच सांगतो की अडचण आली तर गप्प राहा. कोणी व्यवहार कायम करण्याची शेवटची आज्ञा, जिला कमिट म्हणतात, ती द्यायलाच विसरतो. नोंद झाल्यासारखी दिसते आणि दुवा तुटताच पुसली जाते. ताप उतरला नाही म्हणून तापमापक फोडावा, त्यातलाच हा प्रकार.

याच्या उलट, नकार आल्यावर नुसते पुन्हा प्रयत्न करणे केव्हा योग्य, हेही सांगितले पाहिजे. दोन व्यवहार एकमेकांच्या वाटेत अडकतात, पहिल्याने अ वही धरलेली, त्याला ब हवी आहे, दुसऱ्याने ब धरलेली, त्याला अ हवी आहे. मग डेटाबेस एकाला मागे घेतो. असा नकार आला तर क्षणभर थांबून सबंध व्यवहार पुन्हा करावा. तो सुटतो. रिकामा रकाना मात्र हजार वेळा पाठवला तरी रिकामाच राहणार. कोणता नकार कोणत्या जातीचा, हे क्रमांकावरून कळते, आणि म्हणूनही क्रमांक गिळता कामा नये. तसेच "आधी शोधा, नसेल तर घाला" ही पद्धत एका कारकुनाला पुरते. दोन कारकुनांनी एकाच क्षणी शोधले तर दोघांनाही "नाही" असे उत्तर मिळते आणि दोघेही घालतात. वाचनालयात वर्गणी भरणाऱ्याने कळ दोनदा दाबली तरी हेच होते. पुनरुक्तीची अट डेटाबेसला शिकवलेली असेल तरच दुसरी पावती फाटत नाही. तेथे येणारा २३५०५ हा नकार सभासदाचे पैसे वाचवीत असतो.

व्यवहार हा शब्द आम्ही वारंवार वापरला. एका खात्यातून पैसे काढले आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वी वीज गेली, तर काय? एकतर दोन्ही नोंदी झाल्या पाहिजेत, नाही तर एकही नाही, या तत्त्वाला शास्त्रीय बैठक देण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील जिम ग्रे यांना आहे. १९९८ चा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला. कीर्दीत लिहिले आणि खतावणीत उतरवले नाही तर मेळ बसत नाही, हे आपल्या पेढीवरच्या मुनीमजींनाही ठाऊक होते.

हे सारे यंत्राचे सोपस्कार आहेत, माणसाचे त्यात काय अडते, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी ब्रिटनमधील टपाल खात्याचे प्रकरण आठवावे. तेथील टपाल कार्यालयांत १९९९ पासून होरायझन नावाची संगणकव्यवस्था बसवण्यात आली. हिशेबात तूट दिसू लागली. उपडाकपाल सांगत होते की आम्ही पैसे घेतलेले नाहीत, आणि संस्था सांगत होती की संगणक चुकत नाही. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक माणसे चोरी, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, कित्येकांची घरेदारे गेली. डिसेंबर २०१९ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने या व्यवस्थेत दोष होते असा निर्णय दिला. त्या दोषांपैकी एक स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथील कॅलेंडर स्क्वेअर कार्यालयाच्या नावाने ओळखला जातो. एका खिडकीवरच्या यंत्रात झालेली नोंद दुसऱ्या खिडकीच्या यंत्राला दिसत नसे, आणि तीच रक्कम दुसऱ्यांदा स्वीकारली जाई. शेवटी २०२४ मध्ये संसदेने कायदा करून इंग्लंड आणि वेल्समधील या शिक्षा सरसकट रद्द केल्या. श्रोतेहो, दोष कोणत्याही यंत्रात असतोच. वीस वर्षे लागली ती दोष आहे हे मान्य करायला. "आमची व्यवस्था सांगते तेच खरे" या एका वाक्याने शेकडो संसार मोडले.

आपल्याकडेही शिधा, शिष्यवृत्ती, पीकविमा, निवृत्तिवेतन या सगळ्यांचा मार्ग आता एका इन्सर्टमधून जातो. नोंद झाली तर माणूस आहे, नाही झाली तर कागदोपत्री तो नाही. म्हणून काही मागण्या आपण नागरिकांनी केल्या पाहिजेत असे आमचे नम्र मत आहे.

पहिली मागणी, खिडकीवर "सिस्टीम घेत नाही" हे उत्तर पुरेसे मानू नये. पडद्यावर काय आले ते विचारावे आणि तारीखवेळेसह टिपून घ्यावे. डेटाबेसचा सबंध अंतर्गत संदेश लोकांना दाखवणे सुरक्षित नसते, हे खरे. पण दोष कोणत्या रकान्यात आहे हे सोप्या मराठीत सांगता येते, आणि ज्यावरून रोजनिशीत खरे कारण सापडेल असा संदर्भक्रमांकही देता येतो. "मोबाईल क्रमांक आधी दुसऱ्या नावावर आहे" एवढे वाक्य माणसाचे दोन हेलपाटे वाचवते. दुसरी मागणी, जसे आवक टपालाची बारनिशी असते तशी नाकारलेल्या नोंदींचीही असावी, आणि ती रोज संध्याकाळी कोणीतरी पाहावी. किती अर्ज आले, किती नोंदले, किती नाकारले, यांचा मेळ रोज बसला पाहिजे. न बसला तर कोणीतरी गिळला आहे असे समजावे. तिसरी मागणी, "अर्ज स्वीकारला" ही हिरवी अक्षरे नोंद कायम झाल्यावरच उमटावीत, त्याच्या आधी नव्हे.

या सभेत पुण्यामुंबईच्या किंवा परदेशातल्या संगणक कंपन्यांत काम करणारी तरुण मंडळीही असतील. त्यांना आमची विनंती एवढीच, की नकार पकडून फेकून देणाऱ्या त्या दोन ओळी लिहिण्याचा मोह झाला, तर पलीकडे खिडकीपाशी कोण उभे आहे याची आठवण ठेवावी. आपल्या हातून सुटलेली प्रत्येक नोंद म्हणजे कोणाच्या तरी नावाची नोंद असते.